खुला बाजार आणि लाल बिल्ला

(आपल्या मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचे ठरलेले पाहुणे पावसामुळे येऊ शकले नाहीत. काल रात्री साडेनऊला कार्यवाहांचा फोन आला, ‘उद्या तुम्हीच बोला.’ मी म्हटलं, मी डिप्लोमावाला माणूस, कालव्याच्या पाण्यात आयुष्य गेलं, मला व्याख्यान कुठलं जमतं? ते म्हणाले, ‘दर गणपतीत तुमच्या घरी जेवणाच्या पाटावर जो वाद चालतो, तो अर्ध्या गल्लीला ऐकू येतो. तोच इथे मांडा.’ म्हणून हा विषय. तयारी एका रात्रीची आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

वाद माझा आणि माझ्या मावसभावाचा, अण्णांचा. अण्णा किनवट तालुक्यात शेती करतात. दरवर्षी महालक्ष्म्यांना आमच्याकडे येतात. आजही आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या सदऱ्यावर जो लाल बिल्ला दिसतो, तो शेतकरी संघटनेचा. तीस-पस्तीस वर्षांत तो उतरलेला मी पाहिला नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा शेरवानीवर होता. त्यांच्याबद्दल मी जे सांगणार आहे ते त्यांना विचारूनच सांगतो आहे.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी राज्य सरकारचा नोकर आहे. एक तारखेला पगार येतो. अण्णा म्हणतात, ‘ज्याचं मीठ खातोस त्याचं गातोस.’ असेल तसं. ते लक्षात ठेवूनच माझं ऐका.

सरकारने सैन्य, पोलीस आणि न्यायालय एवढंच सांभाळावं, बाकी व्यवहारात माणसांना मोकळं सोडावं, असा एक विचार जगात आहे. इंग्रजीत त्या लोकांना लिबर्टेरियन म्हणतात. आपल्या मराठी मुलखात हा विचार पुस्तकातून आला नाही. तो कापसाच्या गाडीतून आला, आणि आमच्या घरात तर अक्षरशः तसाच आला.

आमचे मामा पैनगंगेच्या काठी राहत. इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे की किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यं झाली, रेष मधून गेली, सोयरिकी तशाच राहिल्या. मग १९७२-७३ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा. खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटावा, हमीभाव मिळावा, असाच होता. पण केंद्रावर चार-चार दिवस गाड्यांची रांग, ग्रेड लावणाऱ्याची मर्जी, चुकारे हप्त्याहप्त्याने, त्यातून निधी म्हणून काही कापून घेतलेलं. नदीच्या या बाजूला आदिलाबादच्या बाजारात त्याच कापसाला जास्त भाव आणि रोख पैसे. मामांनी काय करावं?

रात्री गाडी जुंपायची, बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवायची, आणि पाण्याला उतार असेल तिथून नदी ओलांडायची. अण्णा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, गाडीत कापसावर झोपलेले. एकदा गाडी पकडली. स्वतःच्या शेतात पिकवलेला कापूस, आणि मामा चोरासारखे हात जोडून उभे. नदीच्या एका काठाला तो माल होता, दुसऱ्या काठाला तोच गुन्हा होता. अण्णांनी ते पाहिलं. पुढे त्यांनी बिल्ला का लावला याचं दुसरं कारण शोधायची मला कधी गरज वाटली नाही.

त्या काळात शरद जोशी हे नाव गावोगाव झालं होतं. साताऱ्यात १९३५ साली जन्मलेला हा माणूस, पोस्ट खात्यातला मोठा अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. ती नोकरी सोडून १९७७ साली चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. १९८० साली चाकणच्या कांद्याचं आंदोलन, त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांदा, १९८१ ला निपाणीची तंबाखू. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तेव्हाची. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्ती नावाने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला शेतकऱ्यांना तयार केलं. आमच्या मावशीच्या नावावर दोन एकर झाले ते अण्णांच्या हट्टामुळे. आजही सात-बारावर तिचं नाव आहे. हे काम कुठल्याही सरकारी खात्याने केलं नसतं, हे मी पगारी माणूस असून सांगतो.

त्यांचं गणितही खोटं नव्हतं. सरकार शेतकऱ्याला देतं कमी आणि शेतमालाचे भाव पाडून काढून घेतं जास्त, म्हणजे ही सबसिडी उणे आहे, असं ते सांगत. गॅट कराराच्या वेळी भारत सरकारनेच दिलेल्या आकड्यांत शेतीची मदत उणे निघाली. कांदा महाग झाला की निर्यातबंदी, हे आपण परवा डिसेंबर २०२३ मध्येसुद्धा पाहिलं. तेव्हा अण्णा चिडतात ते उगीच नाही.

इथपर्यंत आमच्यात वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. ‘हे सरकार आपल्याला लुटतं’ हे वाक्य हळूहळू ‘सरकार म्हणजेच लूट’ असं झालं. पहिलं वाक्य अनुभवाचं आहे. दुसरं श्रद्धेचं आहे.

ही श्रद्धा नवी नव्हती. १९५९ साली काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला, त्याच्या विरोधात राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. आपल्या आंध्रातले शेतकरी नेते एन. जी. रंगा त्याचे अध्यक्ष, मिनू मसानी बरोबर. १९६७ ला लोकसभेत त्यांचे ४४ खासदार होते. १९७४ ला पक्ष विलीन होऊन संपला. शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला तो याच वळणाचा. डंकेल प्रस्तावाला कर्नाटकचे नंजुंडस्वामी कडाडून विरोध करत होते, तेव्हा जोशींनी उघड पाठिंबा दिला. बाजाराचं स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य, या दोन गोष्टी मिळाल्या की शेतकऱ्याला दुसरं काही नको, अशी मांडणी झाली. धाडस होतं यात शंका नाही. २०१० साली राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने १८६ मतं पडली आणि विरोधात एक. ते एक मत त्यांचं. चांदवड भरवणाऱ्या माणसाचं! पटलं नाही तर एकटं उभं राहायची त्यांची तयारी होती. अनुयायांमध्ये मात्र त्यांच्यासमोर असं एकटं उभं राहणारे मला फार भेटले नाहीत. ‘साहेबांनी १९९१ लाच सांगितलं होतं’ एवढं म्हटलं की चर्चा संपते.

माझा आक्षेप एका जागी आहे. सरकार हटलं की ती जागा मोकळी राहते, असं ही मंडळी धरून चालतात. माझ्या पाहण्यात तसं कधी झालं नाही. तिथे दुसरा कोणी येऊन बसतो, आणि त्याला माहितीचा अधिकार लागू नसतो.

बियाण्याचंच घ्या. २००१ साली गुजरातमध्ये ‘नवभारत १५१’ नावाचं विनापरवाना बीटी कापसाचं वाण शेतात सापडलं. सरकार उभं पीक जाळायला निघालं, तेव्हा शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. मार्च २००२ ला बीटीला अधिकृत मान्यता आली. इथवर स्वातंत्र्यवाद्यांचा विजय म्हणा. पण मग ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सोळाशे ते साडेअठराशे रुपये झाली, त्यातला मोठा भाग कंपनीच्या तंत्रज्ञानाच्या शुल्काचा. इथे बसलेल्या कितीजणांनी त्या भावाने बियाणं घेतलंय? हात वर करा. बघा. तो भाव खाली कोणी आणला? बाजाराने नाही. २००६ साली आपल्या तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे तक्रार नेली आणि पाकीट साडेसातशेवर आणलं. बाकीची राज्यं आपल्या मागून आली.

अण्णा लगेच म्हणतील, ‘आणि म्हणूनच नवं तंत्रज्ञान आलं नाही.’ यात तथ्य आहे. केंद्राने किमती बांधल्यावर २०१६ साली कंपनीने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्जच मागे घेतला. अधिकृत दार बंद झालं आणि तेच बियाणं मागच्या दाराने, चोरबाजारातून, एचटीबीटी म्हणून गावोगाव पोहोचलं. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. शेतकरी ते घेणारच. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला संघटनेने जाहीरपणे ते पेरून कायदा मोडला. अण्णा तिथे होते. परत आले तेव्हा तरुण दिसत होते.

दोन वर्षांनी त्यांनी नऊ पाकिटं घेतली. मोटारसायकलवर एक ओळखीचा-अनोळखी माणूस येई, पिशवी देई, रोख घेई. उगवण शंभरात तीस-पस्तीस. दुबार पेरणीला उशीर झाला, दिवाळीला घरात कापूस आला तो नेहमीच्या निम्मा. मोटारसायकलवाला पुन्हा दिसला नाही. अण्णा कृषी कार्यालयात गेले, तर पहिला प्रश्न, बिल कुठे आहे?

आता ऐका. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या आंध्रातल्याच शेतकऱ्यांच्या प्रकरणात, निकाल दिला की सदोष बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे भरपाई मागू शकतो. म्हणजे दार होतं. पण त्या दारातून आत जायला एक कागद लागतो, आणि तो कागद परवानाधारक दुकानदारच देतो. ज्या परवान्याला अण्णा जन्मभर ‘लायसन्स राज’ म्हणून शिव्या देत आले, त्याचा दुसरा अर्थ असा की माणूस पळाला तर त्याचा पत्ता कुठेतरी लिहिलेला असतो.

मी हे त्यांना त्या वर्षी सांगितलं नाही. त्या वर्षी मी पंचवीस हजार रुपये घेऊन किनवटला गेलो आणि पिठलं-भाकरी खाऊन परत आलो.

आता माझ्या धंद्याचं. श्रीरामसागरचा सरस्वती कालवा आपल्या जिल्ह्यातून जातो. कालव्याला वितरिका, वितरिकेला चाऱ्या, चारीच्या शेवटी टेलचा शेतकरी. पाणी चालू-बंद पद्धतीने पाळीपाळीने सोडतो. कागदावर सगळ्यांना सारखं. प्रत्यक्षात जो वरच्या अंगाला आहे, त्याच्या शेतासमोरून पाणी वाहत जातं आणि त्याला ते दिसत असतं. तो रात्री पाइप टाकतो, मोटर लावतो, कधी बांधच फोडतो. टेलला चारी कोरडी.

एका रब्बीत रात्री दोन वाजता लस्कर आणि मी बॅटरी घेऊन निघालो. लस्कर म्हणजे कालव्यावर फिरून दारं उघड-बंद करणारा आमचा माणूस. आता त्यातली कितीतरी पदं रिकामी आहेत. वरच्या अंगाला एक शिकलेला तरुण उभा. तीन पाइप टाकलेले. म्हणाला, ‘सर, पाणी माझ्या शेतावरून जातंय. मी कोणाच्या घरात शिरून तर घेत नाही ना? सरकार मध्ये कशाला?’ मला अण्णांचाच आवाज ऐकू आला. खाली सात किलोमीटरवर एक म्हातारी तीन रात्री चारीच्या तोंडाशी गोधडी घेऊन झोपत होती. तिचं धान पोटरीत होतं. तिच्यात आणि त्या तरुणात करार व्हायचा तर तो कुठे व्हायचा? तिच्याकडे त्याला देण्यासारखं काही नव्हतं. त्याला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तिचं म्हणणं त्याच्यापर्यंत नेणारा एकच माणूस होता, तुटपुंज्या पगारावरचा लस्कर.

अण्णांचं उत्तर तयार असतं. ‘पाण्याची मालकी ठरवून द्या, मीटर लावा, विकू द्या. ज्याला गरज तो घेईल.’ बरं. मालकी ठरवणार कोण? मीटर वाचणार कोण? मीटर फोडला तर रात्री दोनला जाणार कोण? शेवटी लस्करच लागतो. फरक एवढाच, की त्याचा पगार पाणी विकत घेणारा देईल. आणि जो पगार देतो त्याच्या शेताचं दार लस्कर बंद करील, हे मला तरी वीस वर्षांच्या नोकरीत शक्य दिसलं नाही.

पण इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अण्णा उठून सांगतील. दुसऱ्या एका वर्षी, दुसऱ्या चारीवर, वरच्या अंगाला असाच प्रकार होता. तिथे पाइप टाकणारा साधा शेतकरी नव्हता. त्याच्या घरी वरपर्यंतचे लोक जेवायला येत. टेलचे लोक माझ्याकडे दोनदा आले. मी लिहून घेतलं, ‘पाहतो’ म्हटलं, आणि गेलो नाही. बदलीची भीती होती, मुलगी दहावीला होती. त्या टेलला त्या वर्षी बारा-तेरा एकर धान वाळलं. हे मी अण्णांना त्याच गणपतीत सांगितलं. ते जेवायचे थांबले आणि म्हणाले, ‘हेच तर मी म्हणतो. तुझं सरकार म्हणजे हे.’

मला त्या रात्री उत्तर सुचलं नाही. पुढे बरेच दिवस विचार केला. मी गेलो नाही तो गुन्हा होता, कारण जाणं माझं काम होतं. त्या लोकांना माझ्यावर रागवायचा हक्क होता, वरिष्ठांकडे अर्ज करायचा हक्क होता, आणि त्यांनी केलाही. मला खुलासा द्यावा लागला. पाइप टाकणाऱ्याकडे कोणीही खुलासा मागितला नाही. अण्णांच्या जगात माझी जागा काढून टाकली की उरतो तो फक्त पाइप टाकणारा. सरकारी माणूस नालायक निघाला, याचा इलाज त्याला कामाला लावणं हा आहे. अण्णांचा इलाज ऐकला की मला डोकं दुखतं म्हणून डोकंच काढायला सांगणारा वैद्य आठवतो.

२०२० चे तीन शेती कायदे आले तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले. देशभरच्या शेतकरी संघटना विरोधात आणि शरद जोशींची माणसं बाजूने. त्यांचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाच्या समितीवर होते. नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घ्यायचं जाहीर झालं तेव्हा अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मला ते कायदे सगळेच वाईट वाटले नव्हते. बाजार समित्यांतला कडता, दलालांची साखळी मी पाहिली आहे. पण त्यात पॅन कार्ड असलेला कोणीही माल घेऊ शकत होता, आणि भांडण झालं तर दिवाणी न्यायालय नाही, उपविभागीय अधिकाऱ्याकडे जायचं. म्हणजे ज्या सरकारी अधिकाऱ्यावर यांचा काडीचा विश्वास नाही, शेवटी त्याच्याच दारात! खेडा खरेदीवाला पैसे बुडवून गेल्याची एक तरी गोष्ट इथल्या प्रत्येक घरात आहे. पॅन कार्डावरून तो सापडला असता का, ते तुम्हीच सांगा.

आता थोडं शहरातल्या भक्तांबद्दल. माझा भाचा हैदराबादला हायटेक सिटीत आहे. त्याने कॉलेजात आयन रँडच्या कादंबऱ्या वाचल्या, ‘फाउंटनहेड’ आणि ती जाड ‘ॲटलास श्रग्ड’. तेव्हापासून त्याला रैतू भरोसा म्हणजे फुकटेपणा वाटतो. एकरी वर्षाला बारा हजार देतात म्हणजे माझ्या करातून देतात, म्हणतो. त्याचं इंजिनिअरिंग फी परतफेड योजनेतून झालं. मी आठवण करून दिली तर म्हणाला, ‘मामा, व्यवस्था होती म्हणून घेतली.’ रँडबाईंनीही उतारवयात अमेरिकन सरकारची सोशल सिक्युरिटी घेतली होती. आपल्याच करातून गेलेलं परत घेतो, असं त्यांचं समर्थन होतं. समर्थन ठीक आहे. मग आमच्या म्हातारीने तेच म्हटलं तर ती फुकटी कशी? पण भाच्यापेक्षा मला अण्णांचा राग परवडतो. अण्णांनी नदी ओलांडली आहे. भाच्याने फ्लायओव्हर ओलांडला आहे, आणि तोही सरकारनेच बांधलेला.

शेवटचं सांगतो, आरतीची वेळ होत आली. या १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचा ११ टक्के आयात कर ३० सप्टेंबरपर्यंत काढला आणि आता ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस बाजारात येईल नेमका तेव्हा बाहेरचा स्वस्त कापूस गोदामात असेल. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० जाहीर आहे, पण ओलावा बारा टक्क्यांवर गेला की खरेदी केंद्र माल परत पाठवतं, आणि मग बाहेरच्या भावालाच विकावं लागतं. परवा बातमी लागली तेव्हा अण्णा आमच्या ओसरीवर होते. इतके चिडले की चहा निवून गेला.

मी विचारलं, ‘अण्णा, आयात कर काढणं म्हणजे खुला बाजारच की. गिरणीवाल्याला जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यायचं स्वातंत्र्य नको का?’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अमेरिकेचा शेतकरी अनुदानावर कापूस पिकवतो. आमच्या निर्यातीला बंदी, त्याच्या आयातीला मोकळीक. याला खुला बाजार म्हणतात का?’

मी म्हटलं, ‘नाही म्हणत. पण मग तो कर परत कोणी लावायचा?’

त्यावर ते म्हणाले, ‘याचं उत्तर मी तुझ्या ओसरीवर देणार नाही. तू चार लोकांसमोर विचार, चार लोकांसमोर देतो.’ तर मी चार लोकांसमोर विचारलं आहे. अध्यक्ष महोदय, माझी वेळ संपली. माइक तिसऱ्या रांगेत द्यावा, आणि त्यांना दहा मिनिटं तरी द्यावीत. पाच मिनिटांत ते चाकणपर्यंतसुद्धा पोहोचत नाहीत.